लाईट थांबते कुठे? बांबोळीच्या कर्करोग केंद्राचे नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य खाते, गोवा सरकार,
आणि बांबोळीच्या कर्करोग केंद्राचे नियोजन करणारे डॉक्टर व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याची. एकतीस वर्षे उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे. गेल्या पावसाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक बातमी फिरत फिरत आली: जर्मनीत किरणोत्सर्गी किरणांनी उंदरांच्या गाठी बऱ्या केल्या. खाली लगेच दोन तट पडले. एकाने विचारले, "हे मशीन गोव्यात कधी येणार?" दुसरा म्हणाला, "नको रे बाबा, किरणोत्सर्गी म्हणजे आणखी एक कॅन्सर विकत घेणे." मग नेहमीचे वाक्य आले, "टीचर, तुम्हीच सांगा आता."

सांगायला बसले. चार पाने लिहून झाल्यावर लक्षात आले की यातले निम्मे मुलांना सांगण्यासारखे आहे आणि उरलेले निम्मे तुम्हाला. म्हणून हे पत्र.

आधी घरचे सांगते, म्हणजे माझे बोलणे कुठून येते ते कळेल. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. राज्याबाहेरच्या एका रुग्णालयात पस्तीस वेळा लाईट घ्यायची ठरली. (रेडिओथेरपीला आपल्याकडे कोणी रेडिओथेरपी म्हणत नाही. लाईट घेतात, नाहीतर शेक देतात. शब्द चुकीचे असतील, पण पेशंट ह्याच शब्दांत विचार करतो, हे डॉक्टरांनी विसरू नये.) पहिल्या दिवशी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर दाबून बसवली. ती गार होऊन कडक झाली की तोच मास्क. रोज तो चढवायचा, टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोके जागचे हलत नाही. त्या मास्कसकट सीटी स्कॅन काढला आणि त्यावर सगळा हिशेब मांडला.

तिसऱ्या आठवड्यानंतर दादाला गिळता येईना. पेजसुद्धा घशाखाली उतरत नव्हती. चौथा आठवडा संपेपर्यंत वजन नऊ किलो उतरले होते. एके दिवशी बाहेर येऊन तो म्हणाला, "अगं, मास्क सैल झालाय. आत मान फिरते माझी." मी आत जाऊन विचारले. उत्तर मिळाले, "चालतं तेवढं." स्कॅन पुन्हा काढला नाही. पहिल्या दिवशीच्या चेहऱ्यासाठी मांडलेला हिशेब पस्तिसाव्या दिवसापर्यंत तसाच चालला.

दादा आज बरा आहे. तोंड कायमचे कोरडे पडले, जत्रेलासुद्धा पाण्याची बाटली घेऊन जातो. त्याचा दोष मी सैल मास्कवर टाकत नाही. लाळग्रंथी त्या गाठीच्या शेजारीच असतात, मास्क घट्ट असता तरी त्यांना किरणे लागलीच असती. माझी तक्रार वेगळी आहे. किरणे कुठे पडताहेत हे पुन्हा एकदा बघावे, असे तिथे कुणाला वाटले नाही.

आता जर्मनीकडे वळते.

साध्या यंत्रातले एक्स-रे शरीरात शिरतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. वाटेत थोडे थोडे सांडत जातात, थांबत कुठेच नाहीत. विद्युतभार असलेल्या जड कणांची गोष्ट निराळी. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हेन्री ब्रॅग यांना १९०४ च्या सुमारास अल्फा कणांच्या, म्हणजे हेलियमच्या केंद्रकांच्या, बाबतीत दिसले की कण वेगात असतो तेव्हा वाटेत फारसे काही देत नाही. वेग संपत आला की उरलेले सगळे एका जागी टाकतो आणि थांबतो. दुसरे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवले की असेच थांबणारे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे केंद्रक, गाठीवर वापरा, ऊर्जा मोजून द्या, म्हणजे गाठीतच थांबतील. पुढे प्रोटॉनबरोबर कार्बनचे केंद्रकही आले. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून कार्बनने उपचार होतात. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत १९९७ ते २००८ या काळात सुमारे ४४० रुग्णांना कार्बनची किरणे दिली गेली.

कार्बन पेशीत नेमके काय करतो, हे वर्गात सांगताना मी पावसाचा दाखला देत असे. एक्स-रे म्हणजे रिपरिप. अंगण सगळे भिजते, पण थेंब विखुरलेले. कार्बन म्हणजे कौलांची पागोळी. पाणी तेवढेच असेल, पण एका ओळीत पडते आणि जमिनीत खड्ड्यांची रांग खणते. पेशीतल्या डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक कुठेतरी तुटला तर दुसऱ्यावरून बेतून पेशी तो सांधते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले, आणि त्याच्या आजूबाजूला आणखी चार जखमा झाल्या, की सांधणारी यंत्रणा हात टेकते. कार्बनच्या वाटेच्या शेवटी अशा जखमांचे पुंजके पडतात. म्हणून तितक्याच ऊर्जेत कार्बन तिथे एक्स-रेच्या दुप्पट-तिप्पट पेशी-घात करतो असे धरतात. ऊतीप्रमाणे हा आकडा बदलतो. प्रोटॉनसाठी मात्र बहुतेक ठिकाणी सरसकट १.१ धरतात, म्हणजे एक्स-रेपेक्षा जेमतेम दहा टक्के जास्त. प्रोटॉनचे मोठेपण पेशी मारण्यात फारसे नाही, ते थांबण्यात आहे.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. मोठ्या गाठीच्या पोटात रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशी गुदमरलेल्या असतात. अशा पेशी एक्स-रेला जुमानत नाहीत. त्यांना मारायला कधीकधी जवळजवळ तिप्पट मात्रा लागते, कारण एक्स-रेचे बरेचसे काम प्राणवायूच्या मदतीने होते. कार्बनला त्या मदतीची गरज कमी. स्वादुपिंडाच्या गाठी अशा गुदमरलेल्या असतात, शिवाय आतड्याच्या वेटोळ्याला चिकटलेल्या आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या. मनोहर पर्रीकर २०१९ मध्ये त्याच दुखण्याने गेले, त्यामुळे गोव्यात स्वादुपिंड हा शब्द घराघरात माहीत झाला. जपानमध्ये अशा गाठींवर कार्बन वापरून पाहिले गेले आहे ते ह्याच कारणाने.

इथवर सगळे गोड. अडचण आता येते.

कण थांबतो हे खरे. पण कुठे थांबतो? सीटी स्कॅनवरून हिशेब करून आपण ते ठरवतो, आणि त्या हिशेबात चूक राहतेच. प्रोटॉनच्या बऱ्याच केंद्रांत ही चूक खोलीच्या साडेतीन टक्के आणि वर एखादा मिलिमीटर अशी धरतात. गाठ वीस सेंटिमीटर खोल असेल तर हे आठ मिलिमीटर झाले. तेवढा काठ निरोगी मांसात सोडावा लागतो. सुई टोकदार केली आणि हात मात्र थरथरता राहिला, असा प्रकार. एक्स-रेला टोकच नाही, त्यामुळे नऊ किलो वजन उतरले तर हिशेब थोडा बिघडतो. प्रोटॉन किंवा कार्बन असता तर तेवढ्याच फरकाने कण गाठ ओलांडून पुढे गेला असता, आणि जिभेच्या मागे काही अंतरावर मज्जारज्जू असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. दादाच्या मास्कची गोष्ट आधी सांगितली ती याचसाठी.

कण थांबला ती जागा डोळ्यांनी बघता आली तर? तीच खटपट डार्मस्टाटला चालली आहे.

साधा कार्बन, म्हणजे कार्बन-१२, स्थिर असतो. तो थांबला की गप्प होतो. मात्र वाटेत काही थोडे केंद्रक आदळून फुटतात आणि त्यातून कार्बन-११ तयार होतो. हा किरणोत्सर्गी, वीस मिनिटांत त्यातला निम्मा बोरॉन होतो आणि होताना पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारी जुळा, सोडतो. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. पेट स्कॅनर ते दोन्ही पकडतो आणि जागा सांगतो. जीएसआयमधल्या त्या जुन्या रुग्णांच्या बाबतीत अशी पाहणी करतही होते. पण फुटलेले केंद्रक थोडे, म्हणून खूण अंधुक, आणि ते फुटतात वाटेत, म्हणून खुणेचा उंचवटा खऱ्या थांब्याच्या अलीकडे दिसतो. पुन्हा हिशेब आला.

मग मुळातच कार्बन-११ चीच किरणे सोडली तर? म्हणजे कार्बन-१२ ला वेग द्यायचा, बेरिलियमच्या तुकड्यावर आपटायचा, जे तुकडे निघतील त्यातून चुंबकांच्या रांगेने कार्बन-११ तेवढा वेगळा काढायचा आणि तो उडता उडताच थेट गाठीकडे पाठवायचा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बर्कलीला १९८० च्या सुमारास करून पाहिली होती. पण वेगळे काढून हाती येणारे कण इतके थोडे की उपचाराला पुरेनात. डार्मस्टाटचा आताचा प्रवेगक, म्हणजे कणांना वेग देणारे यंत्र, त्या मानाने बराच जोरदार आहे. तिथले भौतिकशास्त्रज्ञ मार्को दुरांते यांच्या पुढाकाराने हे काम चालले. म्युनिक विद्यापीठात कातिया पारोदी यांच्या गटाने उंदराच्या मापाचा पेट स्कॅनर बनवला. २०२५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: उंदरांच्या मानेत, मज्जारज्जूच्या अगदी लगत वाढवलेली हाडाच्या कर्करोगाची गाठ कार्बन-११ ने आटोक्यात आली, रज्जूला फारशी इजा झाली नाही, आणि किरणे पडत असताना ती कुठे थांबताहेत हे बाहेरून दिसत होते. व्हॉट्सॲपवरची बातमी ती हीच.

तर मुलांनो (सवय जात नाही, माफ करा), तर साहेब, यातला 'किरणोत्सर्गी' हा शब्द गाठ मारण्यासाठी नाहीच. हे मी गटावर लिहिले तेव्हा कुणाचा विश्वास बसेना, म्हणून गणित करून दाखवले. सुमारे आठ सेंटिमीटर खोल जायला कार्बन-११ ला प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (म्हणजे केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) साधारण २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. न्यूक्लिऑन अकरा, म्हणजे झाले २,२००. नंतर तो जो पॉझिट्रॉन सोडतो त्याची ऊर्जा जास्तीत जास्त ०.९६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. भागाकार करा. दोन हजारात एक भागसुद्धा नाही. पेशींच्या दृष्टीने कार्बन-११ आणि कार्बन-१२ जवळजवळ सारखेच. पागोळी तीच, खड्डे तेच. किरणोत्सर्गाने भर घातली आहे ती फक्त दिव्याची. एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी पकडेल: कार्बन-९ नावाचा भाऊबंद एक अष्टमांश सेकंदात फुटतो आणि फुटताना एक प्रोटॉन आणि दोन अल्फा कण सोडतो, ते मात्र खरोखर जास्तीचे पेशी मारतात. चिबाला पेशींवर त्याचे प्रयोग झाले आहेत. पण तो बनवायला कार्बन-११ पेक्षाही दुर्मीळ, म्हणून तूर्त बाजूला.

दिवा म्हटले ते उगाच नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळी गावात वाळवंटी नदीत दिवे लावलेल्या होड्या सोडतात ते तुम्ही पाहिले असेल. होडी जिथे सोडली तिथे उभी राहत नाही, पाण्याबरोबर जाते. कार्बन-११ चेही तसेच होते. थांबल्यावर तो आसपासच्या रेणूंत मिसळतो आणि रक्त त्याला वाहून नेऊ लागते. भौतिकशास्त्रवाल्यांना हा उपद्रवच, कारण चित्र पुसट होत जाते. ते त्याला 'धुऊन जाणे' म्हणतात आणि हिशेबातून वजा करायला बघतात. पण जीवशास्त्राच्या बाजूने पाहिले तर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. दिवे किती वेगाने वाहताहेत त्यावरून नदीला ओढ किती आहे हे कळते. उंदरांमध्ये किरणांची मात्रा बदलली तशी धुऊन जाण्याची चालही बदलली, आणि ते गाठीतल्या रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेचे लक्षण आहे. म्हणजे जो दिवा जागा दाखवायला लावला होता, तो गाठीचे रक्त तुटायला लागले का, हेही सांगू लागला. एरवी त्यासाठी काही आठवडे थांबून पुन्हा स्कॅन काढावा लागतो.

हे माणसांवर कधी येईल? त्याआधी पुष्कळ मजल आहे. उंदराच्या मानेतली गाठ आणि माणसाच्या पोटातली गाठ यात फार अंतर आहे, आणि एवढे कण पुरवील असा प्रवेगक हे काही रुग्णालयाच्या तळघरात बसवायचे यंत्र नव्हे. तेव्हा गटावरच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: गोव्यात येणार नाही, निदान माझ्या हयातीत तरी नाही. डार्मस्टाटला फेअर नावाचे जे नवे प्रचंड केंद्र उभे राहते आहे त्यात मात्र भारत २०१० पासून भागीदार आहे, आणि आपल्या बाजूने कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट ते काम पाहते. गोवा विद्यापीठाच्या ताळगावच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने मनावर घेतले तर ती तिथे पोचू शकते. हे मी तिथल्या मुलांना सांगतच असते.

तुम्हाला सांगायचे ते वेगळे. देशात प्रोटॉन आले आहे. चेन्नईला २०१९ मध्ये सुरू झाले, टाटा स्मारकाचे केंद्र खारघरला आहे. फोंड्याच्या बसस्टँडवर चहा पितानासुद्धा मी ऐकले आहे की गोवा एवढा पैसेवाला, मग आपल्याकडे प्रोटॉन का नाही. उद्या हे बोलणे बसस्टँडवरून पर्वरीला विधानसभेत पोचेल. पोचेल तेव्हा कृपा करून दादाचा सैल मास्क आठवा. जिथे चौथ्या आठवड्यात पुन्हा स्कॅन काढायची पद्धत नाही, तिथे टोकदार किरण आणणे धोक्याचे आहे, आणि जिथे ती पद्धत आहे तिथे साध्या लिनॅकनेसुद्धा, म्हणजे नेहमीच्या एक्स-रेच्या यंत्रानेसुद्धा, पुष्कळ चांगले काम होते. जगातले सगळ्यात हुशार लोक कोट्यवधी युरो खर्चून शेवटी काय मिळवू पाहताहेत? कण थांबला कुठे ते बघायला. मग आपण निदान जे बघता येते ते तरी बघू.

म्हणून बांबोळीच्या केंद्रासाठी माझी पहिली मागणी यंत्राची नाहीच, माणसांची आहे. किरणांचा हिशेब डॉक्टर मांडत नाहीत, मेडिकल फिजिसिस्ट मांडतो. पेशंटला तो कधी दिसत नाही, वर्तमानपत्रातल्या उद्घाटनाच्या फोटोतही नसतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम आहे. गोवा विद्यापीठातून एमएस्सी झालेली मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि बँकेच्या परीक्षा देतात. त्यातल्या दोघा-तिघांना सरकारी शिष्यवृत्ती द्या, परत येऊन इथे पाच वर्षे काम करण्याचा बॉण्ड लिहून घ्या. एका यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च चिल्लर आहे. आणि त्यांना पगार असा द्या की बॉण्ड संपल्यावर ती बंगळूरला पळणार नाहीत.

दुसरे, लेखी नियम करा. डोक्या-मानेच्या पेशंटचे वजन ठराविक टक्क्यांनी उतरले, किंवा मास्क सैल झाला, की नवा मास्क, नवा स्कॅन, नवा हिशेब. किती टक्के ते तुमच्या तज्ज्ञांनी ठरवावे, ते माझे काम नव्हे. पण भिंतीवर लावा, मराठीत आणि कोकणीत, म्हणजे "मास्क सैल झालाय" म्हणणाऱ्या पेशंटला कुणी "चालतं तेवढं" म्हणणार नाही. ह्यात यंत्रावर वेळ जातो आणि रांग लांबते हे मला कळते. पण दादासारखे लोक करमळीला कोकणकन्या पकडून, परक्या गावात खोली घेऊन सात आठवडे काढतात ते काय लवकर सुटायला?

आणि शब्दांचे बघा. 'लाईट' म्हणणारा पेशंट तिला ट्यूबलाईट समजतो आणि 'किरणोत्सर्गी' ऐकले की बॉम्ब. दादाच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटत होते की लाईट घेऊन घरी गेल्यावर नातवाला जवळ घेता येणार नाही. सात आठवडे त्यांनी कुणाला विचारले नाही. बाहेरून दिलेल्या एक्स-रेने माणूस किरणोत्सर्गी होत नाही, यंत्र बंद झाले की संपले, हे एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी त्यांच्या हातातल्या कागदावर असते तर बरे झाले असते. ते लिहून द्यायला मी तयार आहे, फुकट. कोकणीसाठी मडगावची एक मैत्रीण आहे.

भेटायला बोलावलेत तर येईन. दादाचा मास्क माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी त्याने तो मागून आणला. येताना घेऊन येईन, आणि दादालाही. आता त्याचे वजन बरेच भरून आले आहे, तरी मास्क चढवला की गालापाशी माझे बोट अजून सहज आत जाते.

आपली,
फोंड्याची एक निवृत्त शिक्षिका